बाहेरच्या काचेवरचे क्षारांचे चिवट डाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडकीची तावदानं, गॅलरीच्या कठड्याची काच, गच्चीवरचं सोलर पॅनल, बागेतल्या टेबलाची काच. उघड्यावरच्या काचेवर पांढरे डाग धरले की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर आधी प्रश्न ३ वाचा, मग ५. बाकीचं अडेल तसं.

१. हे पांढरे डाग असतात तरी कशाचे? आमचं पाणी तर दिसायला स्वच्छ आहे.

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही क्षार विरघळलेले असतातच, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. थेंब काचेवर वाळतो तेव्हा पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइडही निसटतो आणि मागे उरतं ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर पुटं चढतात ती याचीच.

पाण्याचा जडपणा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. साधारण ६० पर्यंत मऊ, १२० च्या पुढे जड आणि १८० च्या पुढे फार जड. समजा पाणी ३०० चं आहे आणि कारंजी किंवा पाइपमुळे एका तावदानावर रोज ५० मिलिलिटर पाणी वाळतं. रोजचे १५ मिलिग्रॅम झाले, डोळ्याला दिसणारही नाहीत. वर्षाअखेर त्याच काचेवर जवळपास साडेपाच ग्रॅम क्षार बसलेले असतात.

एखादा डाग जवळून पाहा. तो भरीव ठिपका नसतो, कडेला जाड आणि मध्ये विरळ अशी कडी असते. थेंबाचं पाणी कडेला सगळ्यात लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना क्षार सोबत नेऊन तिथेच टाकतं. पुढचा थेंब त्याच खडबडीत कडीला अडकतो आणि कडीवर कडी चढते. जुने डाग मधल्यापेक्षा कडेला चिवट असतात ते यामुळे.

२. साबण आणि काच पुसायचं निळं लिक्विड, दोन्ही लावून झालं. डाग ढिम्म हलत नाहीत. का?

कारण ती दोन्ही तेलकटपणा आणि धूळ काढायला बनवलेली असतात. कॅल्शियम कार्बोनेट नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात जेमतेम १३-१४ मिलिग्रॅम. साबण आणि अमोनिया असलेली लिक्विडं अल्कधर्मी असतात, त्यांचा या थरावर काहीच जोर चालत नाही. जड पाण्यात साबणाचा तर वेगळाच पांढरा साका तयार होतो आणि घोळ वाढतो.

या थराला आम्ल लागतं. कोणतं, ते प्रश्न ४ मध्ये.

३. डाग काचेवर बसलेला आहे की काचच खराब झाली आहे, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच, आणि बहुतेक लोक तो शेवटी विचारतात. बसलेला थर काढता येतो. काच खाल्ली गेली असेल तर काढायला काही उरलेलंच नसतं, फक्त पृष्ठभाग पॉलिश करता येतो.

काच पाण्याने खराब कशी होते, असं वाटेल. साध्या खिडकीच्या काचेत सोडियम असतं. पाणी काचेवर बराच काळ साचून राहिलं की त्यातले हायड्रोजन आयन काचेत शिरतात आणि सोडियम बाहेर येतं. त्यामुळे तो ओलसर थर अल्कधर्मी होत जातो. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ९ च्या पुढे गेला की काचेचा सांगाडा, म्हणजे सिलिकाच, विरघळू लागतो. वाहत्या पावसात हे होत नाही, कारण सोडियम धुऊन जातं. साचलेल्या, पुन्हा पुन्हा वाळणाऱ्या पाण्यात होतं. एकावर एक रचून ठेवलेल्या काचांमध्ये ओल शिरली तर बसवायच्या आधीच त्या धुरकट झालेल्या सापडतात.

ओळखायच्या तीन खुणा:

नखाची कड डागावरून हळूच फिरवा. अडखळली तर वर थर आहे. काच गुळगुळीत लागते आणि तरी डाग दिसतो, किंवा सगळीकडे बारीक खरखर लागते, तर शंका घ्यायला जागा आहे.

डागावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे सुटले तर कार्बोनेट आहे, काम सोपं आहे. बुडबुडे नाहीत म्हणून निराश व्हायचं कारण नाही, पातळ थरात ते दिसत नाहीत.

प्रश्न ५ मधली पद्धत नीट, दोन-तीनदा करा. डाग कणभरही कमी झाला नाही तर तो सिलिकाचा थर आहे (प्रश्न १०) किंवा काच खाल्ली गेली आहे (प्रश्न ११).

४. व्हिनेगर चांगलं की सायट्रिक अ‍ॅसिड?

ताज्या आणि मध्यम डागांना दोन्ही चालतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ८ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं. ते पाणी न घालता वापरा. रंगीत व्हिनेगर नको. वास उग्र, पण मागे काही उरत नाही.

सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात घ्या. वास नाही, असर व्हिनेगरपेक्षा थोडा जास्त. त्याची एक खोड मात्र माहीत असावी. थर जाड असेल तर कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि गरम पाण्यात तर आणखीच कमी. मग धुतल्यावर काचेवर पुन्हा पांढरी भुकटी दिसते आणि लोकांना वाटतं, डाग गेलाच नाही. द्रावण उकळतं घेऊ नका आणि काचेवर वाळू देऊ नका.

जाड, जुन्या पुटांसाठी सल्फॅमिक अ‍ॅसिड असलेला डीस्केलर माझ्या मते सगळ्यात कामाचा. त्यापासून बनणारं कॅल्शियमचं मीठ पाण्यात सहज विरघळतं, म्हणून भुकटी उरत नाही. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच.

५. लावायची नेमकी रीत काय? फवारून पुसलं तर काहीच होत नाही.

फवारून लगेच पुसण्यात आम्लाला वेळच मिळत नाही. उभ्या काचेवरून ते अर्ध्या मिनिटात ओघळून जातं. इथे मनगटाच्या जोरापेक्षा ओलं राहण्याचा वेळ जास्त काम करतो. सौम्य आम्ल अर्धा तास टिकवलं तर ते तासभराच्या घासण्यापेक्षा जास्त काढतं.

सकाळी लवकर किंवा काच सावलीत असताना काम काढा. तापलेल्या काचेवर द्रावण वाळतं, शिवाय तापलेल्या काचेवर गार पाण्याचा झोत बसला तर तडा जायची भीती असते.

आधी काच साध्या पाण्याने भरपूर धुऊन घ्या. धुळीत वाळूचे कण असतात, ते काचेपेक्षा कठीण. धूळ असताना फडकं फिरवलं की ओरखडे ठरलेलेच. मग तेलकटपणा काढायला थोडा भांड्यांचा साबण, आणि तो पूर्ण धुऊन टाका.

आता टिश्यू पेपर किंवा पातळ सुती फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर चिकटवा. हवेचे फुगे राहू देऊ नका, कारण जिथे फुगा तिथे डाग तसाच राहतो. वर प्लास्टिकची पातळ फिल्म लावली की ते वाळत नाही आणि खालीही घसरत नाही. १५ ते ३० मिनिटं थांबा. मध्ये एकदा फिल्मची कड उचलून वरून थोडं व्हिनेगर सोडा.

नंतर कागद काढून त्याच ओल्या कागदाने गोल गोल चोळा. थर मऊ झालेला असेल तर हाताला कळतं. आधी खरखर लागते, मग फडकं एकदम सरकायला लागतं. काच धुवा आणि रबरी वायपरने वरून खाली निथळून घ्या. कडा फडक्याने टिपा. शेवटचं पाणी काचेवर वाळू दिलंत तर सगळा खटाटोप फुकट.

डाग निम्मा गेला असेल तर तेच पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला आम्लाची तीव्रता वाढवण्याआधी वेळ वाढवून बघा.

६. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालायचा का? व्हिडिओत तर खूप फेस येतो.

नको. सोडा आम्लाला मारतो. फेस छान दिसतो, पण तो ज्या आम्लाने डाग विरघळायचा त्याचाच येतो. उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. सोडा वापरायचाच असेल तर वेगळा, सगळं धुऊन झाल्यावर, ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या घासणीसारखा.

७. लिंबाची फोड, टूथपेस्ट, जुनं वर्तमानपत्र?

लिंबू चालतं, त्यात सायट्रिक अ‍ॅसिडच असतं. पण गर आणि साखर काचेवर राहते, ती धुवावी लागते. टूथपेस्ट बारीक घासणी म्हणून एखाद्या पुसट डागाला ठीक. वर्तमानपत्र शेवटच्या चमकेसाठी, क्षारांवर त्याचा काहीही उपयोग नाही.

८. ब्लेडने खरवडू का? आणि तारेची घासणी?

साध्या काचेवर, ओली असताना, नवीन पात्याने, हो. पातं काचेशी साधारण ३० अंशांत धरायचं आणि एकाच दिशेने ढकलायचं. मागे ओढताना उचलायचं, कारण परतीच्या फेरीत पात्याखाली अडकलेला कण काचेवर रेघ मारतो. गंजलेलं किंवा टोक तुटलेलं पातं सरळ फेकून द्या. आणि खरवडणं हे आम्लाने थर मऊ केल्यानंतरचं काम, त्याच्या ऐवजी नव्हे.

टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, काचेवर मी पातं टाळतो. ती भट्टीत तापवताना काचेचे सूक्ष्म कण पृष्ठभागाला चिकटून राहू शकतात. पातं त्यातला एखादा कण उखडतं आणि पुढे फरफटत नेतं. खरवडणाऱ्याने सगळं नीट केलेलं असतं, तरी काचेवर लांबच लांब चरे उमटतात. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा बारीक शिक्का असतो, तो आधी शोधा.

भांड्यांची तारेची घासणी अजिबात नको. पॉलिशकामात वापरतात ती अतिबारीक स्टील वूल, '०००० नंबर' लिहिलेली, साध्या ओल्या काचेवर चालते. पण तिचे तुटलेले तंतू फ्रेमच्या खाचेत राहून गंजतात आणि मग प्रश्न १२ मधला डाग तयार होतो. वापरलीच तर खाच धुऊन काढा. कोटिंगच्या काचेवर पातं आणि वूल दोन्ही वर्ज्य, प्रश्न १४ पाहा.

९. टॉयलेट क्लीनर टाकलं तर एका फटक्यात जाईल ना?

कार्बोनेटचा थर जाईल, हो. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते काचेला इजाही करत नाही. इजा आजूबाजूला होते. त्याची वाफ बिजागऱ्या, स्क्रू, स्टीलचे क्लॅम्प, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम यांना खाते, ओघळ संगमरवरावर गेला तर तिथे कायमचा खड्डा पडतो. स्टेनलेस स्टीलही यातून सुटत नाही. काचेचा डाग काढायला चौकट घालवणं हा तोट्याचा व्यवहार.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत नकोत.

आम्ल आणि ब्लीच एकत्र आणू नका. व्हिनेगरसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. आधी शेवाळ काढायला ब्लीच वापरलं असेल तर काच पूर्ण धुवा आणि आम्लाचं काम दुसऱ्या दिवशी करा.

बाटलीवर हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड लिहिलेलं असेल तर ती बाटली घरी आणू नका. ही रसायनं सिलिका विरघळवतात म्हणून डाग झटक्यात जातो, पण काचही सिलिकाचीच असते. त्याहून वाईट म्हणजे ते कातडीतून आत शिरतं, वेदना कधी कधी तासांनंतर सुरू होते आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठायचा, दुखायची वाट पाहायची नाही. लेबल नसलेलं, 'जादुई' म्हणून सुट्या बाटलीत मिळणारं द्रावण याच कारणाने घेऊ नये.

१०. व्हिनेगर झालं, डीस्केलर झाला, काच तरी धुरकट. आता?

बऱ्याच भूजलात सिलिकाही असते. ती क्षारांसोबत काचेवर बसते आणि काच मुळात सिलिकाचीच असल्याने घट्ट धरून ठेवते. घरगुती आम्लांना ती दाद देत नाही, कितीही तास ठेवा. आम्लाने कार्बोनेट निघून जातं आणि खालचा हा पातळ थर उरतो. म्हणूनच 'थोडं गेलं आणि मग थांबलं' असा अनुभव येतो.

इथे घासूनच काम होतं. कोटिंग नसलेल्या साध्या काचेवर काचेसाठीचं बारीक घासणीचं क्रीम, ओल्या मऊ पॅडवर, छोट्या भागात. आधी कोपऱ्यात करून बघा, वाळू द्या आणि तिरप्या उजेडात तपासा. ओरखडे समोरून दिसत नाहीत, ऊन तिरपं पडलं की दिसतात. कोपरा साफ झाला आणि रेघा नाहीत, तर पुढे जा. नाही तर पुढचा प्रश्न.

११. काच ओली असताना अगदी लखलखीत दिसते, वाळली की डाग परत. हा काय प्रकार आहे?

खडबडीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो, म्हणून पांढरट दिसतं. पाणी त्या खाचा भरून काढतं आणि पाण्याची प्रकाश वळवण्याची क्षमता काचेच्या बरीच जवळची आहे, म्हणून तेवढ्यापुरता डाग दिसेनासा होतो. पातळ थर उरला असेल तरीही असं होतं. पण प्रश्न ५ आणि १० मधलं सगळं करून झाल्यावरही होत असेल तर काच खाल्ली गेली आहे असं समजा. काही जण त्यावर तेल किंवा सिलिकॉनचं पॉलिश फासून देतात. तेही फक्त खाचा भरतं आणि काही आठवड्यांत उतरतं.

खरा उपाय सिरियम ऑक्साइड. ही फिकट गुलाबीसर पूड पाण्यात कालवून पातळ लापशीसारखी करतात आणि फेल्टच्या पॅडने, कमी वेगाच्या मशीनवर, काच घासतात. ती काचेचा वरचा अगदी पातळ थर रसायन आणि घर्षण अशा दोन्ही मार्गांनी काढते. पॅड सतत ओलं हवं. काचेला हात लावून बघत राहा. कोमट ठीक, चटका बसायला लागला की थांबा, एकाच जागी तापलेली काच तडकते. रबराची पट्टी आणि फ्रेम मास्किंग टेपने झाका, कारण ही लापशी खाचेत वाळली की काढताना नाकी नऊ येतात.

एकाच ठिकाणी रेटून घासलं तर तिथे काचेला खळगा पडतो आणि पलीकडचं दृश्य लहरल्यासारखं दिसतं. म्हणून डागाच्या भोवतीही दाब कमी करत करत पॉलिश करायचं. हाताने केलं तर हलका धुरकटपणा जातो, खोल खाचा नाही. मोठं तावदान असेल तर खर्चाचा हिशोब आधी करा. कित्येकदा नवीन काच स्वस्त पडते.

१२. डाग पांढरे नाहीत, तांबूस-पिवळे आहेत.

तो लोखंडाचा गंज, भूजलातल्या लोहाचा किंवा वरच्या ग्रीलवरून ओघळलेला. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलं आणि जनावरं दूर ठेवा.

इथे क्रम चुकला की फसगत होते. काचेवर कॅल्शियमचा थर असताना ऑक्झॅलिक लावलं तर कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही, व्हिनेगरलाही जुमानत नाही. म्हणजे तांबूस डाग घालवून आणखी हट्टी पांढरा डाग मिळवलात. आधी प्रश्न ५ च्या पद्धतीने पांढरा थर काढा, भरपूर धुवा, मग गंजाकडे वळा. ऑक्झॅलिक कालवायला आणि धुवायलाही शक्यतो मऊ पाणी घ्या (प्रश्न १८).

१३. आमच्याकडे डाग ठिपक्यांचे नाहीत, वरून खाली लांब ओघळ आहेत.

मग पाणी काचेवर येण्याआधी सिमेंटवरून येतंय. पाऊस छज्ज्यात किंवा भिंतीत मुरतो, सिमेंटमधला चुना विरघळवून आणतो आणि काचेवर सोडतो. ताज्या सिमेंटमधून आलेलं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, सामू १२ च्याही पुढे. प्रश्न ३ मध्ये सांगितलं तसं हे पाणी काच थेट खाऊ शकतं, आणि तेही झपाट्याने. त्यामुळे नवीन बांधकामाच्या वेळी काचेवर उडालेले सिमेंटचे शिंतोडे त्याच दिवशी, ओले असतानाच धुवा. वाळलेला शिंतोडा खरवडू नका, त्यात वाळू असते. आधी भिजवून मऊ करा.

वाळलेले ओघळ सल्फॅमिक अ‍ॅसिडने जातात. पण उगम तसाच ठेवला तर पुढच्या पावसात परत येतील. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, लांबीभर एक खाच असायला हवी. पागोळीचं पाणी तिथून तुटून खाली पडतं, भिंतीकडे सरकत नाही. ती खाच नसेल किंवा रंगाने बुजली असेल तर गवंड्याला तेवढंच काम सांगा. भिंतीला पाणीरोधक लेप हा त्यानंतरचा विषय.

१४. काचेवर कोटिंग आहे की नाही, कसं कळणार?

बाहेरच्या बाजूला परावर्तक कोटिंग किंवा स्वतः साफ होणाऱ्या काचेचं टायटॅनियम डायऑक्साइडचं कोटिंग असेल तर पातं, घासणी आणि सिरियम तिन्ही बाद. आधी काच पुरवणाऱ्याचा कागद शोधा. तो नसेल तर रात्री काचेजवळ छोटी ज्योत धरून तिरपं पाहा. एका काचेत दोन प्रतिबिंबं दिसतात, प्रत्येक पृष्ठभागाचं एक. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर त्या पृष्ठभागावर कोटिंग आहे. स्वतः साफ होणाऱ्या काचेवर पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी सलग पडद्यासारखं पसरतं.

अशा काचेवर सौम्य व्हिनेगर, मऊ फडकं आणि भरपूर पाणी, एवढ्यावरच थांबा. आतून चिकटवलेली सन फिल्म असेल तर बाहेरून आम्ल लावायला हरकत नाही, मात्र फिल्मच्या बाजूला आम्लही नको आणि अमोनियाही.

१५. सोलर पॅनलवर पांढरे डाग आहेत. तीच पद्धत चालेल?

अर्धीच. पॅनलची काच टफन्ड असते आणि बहुतेकांवर परावर्तन कमी करणारं नाजूक कोटिंग असतं, म्हणून खरवडणं आणि घासणं नको. आम्ल वापरण्याआधी कंपनीची पुस्तिका वाचा. मनाई असताना वापरलंत तर हमीवर पाणी. धुवायला कमी क्षारांचं पाणी, लांब दांड्याचा मऊ ब्रश, आणि वेळ पहाटेची. पॅनल तडकलेलं असेल किंवा वायरचं आवरण फाटलं असेल तर पाणी लावूच नका, उजेड असेपर्यंत त्यात वीज असते.

१६. गाडीच्या पुढच्या काचेचं काय?

व्हिनेगरची पद्धत चालते, बॉनेटच्या रंगावर ओघळू देऊ नका. चालकाच्या नजरेसमोरच्या भागात सिरियमने खोल पॉलिश करू नका. दृश्य जरा जरी लहरलं तरी रात्री समोरच्या दिव्यांनी त्रास होतो. वायपरचं रबरही पुसा, त्यावर क्षारांची कड धरलेली असते.

१७. समुद्राजवळ आहोत, काच सतत पांढुरकी होते.

ते मीठ. साध्या पाण्यात विरघळतं, आम्लाची गरज नाही. मऊ पाण्याने वरचेवर धुवा, बस.

१८. डाग गेले. पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करायचं?

पाणी काचेवर वाळू द्यायचं नाही, एवढंच आहे; बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

बागेच्या कारंजीचं तोंड वळवा. वाऱ्याच्या दिवशी तुषार कुठवर जातात ते उभं राहून बघा, कारण डाग बहुधा तिथवरच असतात. जमेल तिथे ठिबक करा. काच धुतल्यावर वायपर फिरवा.

शेवटच्या धुण्याला मऊ पाणी घ्या: पावसाचं गाळलेलं, आरओमधून शुद्ध होऊन आलेलं किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं. हवेतली वाफ थंड होऊन बनल्यामुळे एसीच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच. आरओचं टाकाऊ पाणी मात्र काचेला लावू नका. शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच साठलेले असतात. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने लोक त्याने खिडक्या धुतात आणि मग डागांचं कारण शोधत बसतात.

१९. पाणी झटकणारं कोटिंग लावून घेतलं, तरी ठिपके दिसतात. फसवलं का?

तसं नसेलही. असं कोटिंग उभ्या काचेवर आणि पावसात चांगलं चालतं, थेंब घरंगळून जातात. आडव्या किंवा थोड्याच कललेल्या काचेवर, किंवा तुषार इतके बारीक असतील की थेंब घरंगळण्याइतका मोठाच होत नाही, तिथे तो जागीच वाळतो आणि गोल, ठळक ठिपका सोडतो. फायदा इतकाच की ठिपका काचेला घट्ट धरत नाही, ओल्या फडक्याने निघतो. डाग पूर्ण काढल्याशिवाय कोटिंग लावू नका, नाही तर डाग खाली कोंडून राहतो.

२०. वॉटर सॉफ्टनर बसवला तर डाग पडणार नाहीत?

पडतील, पण वेगळे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात, म्हणून टीडीएस मीटरवर फरक दिसत नाही. सोडियमचे डाग मात्र पाण्यात विरघळतात, ओल्या फडक्याने जातात. केवळ बाहेरच्या काचेसाठी सॉफ्टनर बसवणं मला पटत नाही.

२१. काम करताना फ्रेम, फरशी आणि झाडं कशी सांभाळायची?

संगमरवर, चुनखडीचा दगड आणि सिमेंटची फरशी हीदेखील कॅल्शियम कार्बोनेटचीच, किंवा त्यात ते असतं. जे आम्ल डाग खातं ते यांनाही खातं. खाली प्लास्टिक अंथरा, त्याच्या कडा वर दुमडा. झाडं आधी पाण्याने भिजवा आणि नंतरही धुवा. अ‍ॅल्युमिनियमवर आम्ल पडलं तर लगेच पाणी ओता.

लॅमिनेटेड काचेची कड उघडी असेल, जसं कठड्याला असते, तर तिथे टेप लावा. दोन काचांमधला प्लास्टिकचा थर कडेतून ओल शोषतो आणि पांढुरका पडतो. तो डाग बाहेरून कशानेही जात नाही.

२२. डाग दोन काचांच्या मध्ये आहे. तिथे हात कसा पोचणार?

नाही पोचणार. दुहेरी काचेच्या कडेचं सील गेलं की दमट हवा आत शिरते, ओल धरते, वाळते आणि आतल्या बाजूला माग सोडते. भोक पाडून धुणं, वाळवणं असे उपाय सुचवले जातात. त्याने धुकं काही काळ जाईल, पण उष्णता अडवण्याचा गुण परत येत नाही. ओल बराच काळ राहिली असेल तर आतून काच खाल्लीही गेलेली असते. सील केलेला काचेचा संच बदलावा लागतो, बहुतेक वेळा चौकट तशीच ठेवून.